मनाच्या औषधाबरोबर शरीराकडे कोणी पाहायचे?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिन सुरू झाल्यापासून भास थांबले, पण वजन फार वाढले आणि जेवण झाल्यावरही त्याला भूक लागते. तालुक्याला येणारे मानसोपचारतज्ज्ञ झोप आणि भास यांविषयीच विचारतात. गावातले डॉक्टर म्हणतात, 'ते औषध त्यांचे, त्यांनाच विचारा.' आम्ही कोणाकडे जावे?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, कारण जे औषध ते लिहून देतात त्याच्या शारीरिक परिणामांवर लक्ष ठेवणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे. ओलान्झापिनमुळे भूक वाढते, तसेच रक्तातील साखर आणि चरबीही वाढू शकते. म्हणूनच औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातील चरबी) यांची नोंद करून, तीन महिन्यांनी व पुढे वर्षातून किमान एकदा या तपासण्या पुन्हा कराव्यात, असे अपेक्षित असते. वजन तर सुरुवातीला दर महिन्याला पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी दगावतात, आणि त्यामागे बहुतांशी हृदयविकारासारखे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार असतात. हे माहीत असूनही रुग्णाला दोन डॉक्टरांमध्ये टोलवले जाते, याचे मला फार वाईट वाटते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सर्व आरोग्यसेवांमध्ये अशा रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक मिळायला हवी.

पुढच्या भेटीत या तपासण्या नावानिशी मागा आणि गावातल्या डॉक्टरांसाठी औषधांची व तपासण्यांची चिठ्ठी लिहून घ्या. रक्ताच्या तपासण्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात का, याचीही चौकशी करा. घरी भावाला आळशी ठरवून त्याच्या ताटातल्या भातावरून बोलू नका. ही भूक त्याच्या हट्टाची नाही. चहातली साखर, फरसाण आणि बाटलीबंद थंड पेये मात्र सगळ्या घरानेच कमी करावीत.

तो विडी किंवा सिगारेट ओढत असेल, तर ती अवश्य सुटावी, पण डॉक्टरांना सांगूनच. धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जाते. धूम्रपान थांबले की त्याच मात्रेत औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा बदलावी लागू शकते.

औषध स्वतःहून बंद करू नका. औषध बदलायचे की वजन व साखरेसाठी आणखी उपचार जोडायचे, हे तज्ज्ञ ठरवतील. मात्र त्याला फार तहान लागत असेल, वारंवार लघवी होत असेल किंवा गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी साखर तपासून घ्या.