पुराचं पाणी आणि पॉलिसीतल्या फटी

प्रश्न : पंचवटीत नदीजवळच्या गल्लीत तळमजल्यावर आमचा फ्लॅट आहे. गृहकर्ज देताना बँकेने विमा काढायला लावला होता. घरात पूर शिरला तर भरपाई मिळेल ना? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : आधी तो कागद काढून वाचा. कर्जासोबत गळ्यात पडणारा विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. भिंतींशी त्याचा संबंध नसतो. घराचा असला, तरी रक्कम कर्जापुरती आणि सामान वगळलेलं, असं असू शकतं.

‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. तीत पूर मूळ संरक्षणातच येतो. मात्र इमारतीची रक्कम बांधकाम खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात नसते. समजा चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये, तर विमा १२ लाखांचा. फ्लॅट ४५ लाखांना घेतला म्हणून तेवढ्या रकमेच्या विम्याचा हप्ता भरायचं कारण नाही.

इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतला, तर सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के (कमाल १० लाख) संरक्षण मिळतं. इथे ते होतात २ लाख ४० हजार. तळमजल्यावर फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, कपाटं सगळं एकदमच भिजतं, तेव्हा बेरीज करून बघा. कमी पडत असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण लागतं. रोकड भिजली तर ती गेलीच.

नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघून पुराचा अंदाज बांधणारे आपण, पाणी ओसरताच भिंतीवरची चिखलाची रेघ मात्र धुऊन टाकतो. तोच तर पुरावा! रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेली गादीसुद्धा भंगारात देऊ नका. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे.

प्रश्न : दर पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिचे पैसे मिळतात? आणि पार्किंगमधल्या गाडीचं काय?

उत्तर : ओलीचे नाहीत, ती देखभालीची बाब धरतात. गाडी घराच्या विम्यात येत नाही. तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा, नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) असून भागत नाही. त्यातही बुडालेली गाडी स्टार्ट केल्याने इंजिनात पाणी खेचलं गेलं, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण पॉलिसीला जोडलेलं नसल्यास तो खर्च सहसा नाकारतात. किल्ली फिरवू नका, टो करून न्या.