दाढीची निळाई आणि आमसुली ओठ

स्त्रीवेष करण्याची आवड असलेल्या पुरुषांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात, आणि बहुतेक पत्रांची सुरुवात क्षमायाचनेने होते. तिची गरज नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या रंगपटांत आणि नंतर लग्नसमारंभांत माझी वर्षे चेहरे रंगवण्यात गेली असल्याने मला प्रश्न फक्त रंगाचा दिसतो, आणि तो दोन गोष्टींवर ठरतो : चेहऱ्यावर कोणता उजेड पडणार आहे आणि पाहणारा किती अंतरावर उभा राहणार आहे. खालची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी पुण्यात राहतो. रंग गव्हाळ आहे. कातडीशी अगदी जुळणारे फाउंडेशन घेतले, तरी हनुवटी आणि मिशीची जागा राखाडी दिसते. थर वाढवला की मुखवटा घातल्यासारखे होते. फाउंडेशन बदलू का?

उत्तर : फाउंडेशन बदलू नका, त्याच्या आधीची एक पायरी राहून गेली आहे. दाढी कितीही घोटून केली तरी केसाचे खुंट कातडीच्या आत राहतातच. ते काळे असले तरी कातडीच्या थरातून पाहताना निळसर किंवा हिरवट करडे दिसतात, कारण आतून परत येणाऱ्या उजेडात निळा भाग तुलनेने अधिक उरतो; मनगटावरच्या शिरा निळ्या दिसण्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे. या निळाईवर कातडीच्या रंगाचा पातळ थर दिला की दोन्ही मिळून राख दिसते, आणि ती झाकण्यासाठी थर वाढवत गेले की राख जाण्याच्या आधी चेहऱ्याची हालचाल जाते.

निळ्याला मारणारा रंग नारिंगी. चित्रकलेच्या तासाला रंगचक्र काढले असेल तर हे दोन रंग समोरासमोर बसलेले आठवतील. गोऱ्या कातडीला पीच रंगाचा करेक्टर, म्हणजे फाउंडेशनखाली लावून नकोसा रंग मारणारे प्रसाधन, पुरतो, तुमच्यासारख्या गव्हाळ रंगाला स्पष्ट नारिंगी लागतो, आणि सावळ्या किंवा काळ्या रंगाला विटकरीकडे झुकणारा लालसर नारिंगी घ्यावा लागतो, कारण तिथे पीच लावला तर तोच पांढुरका दिसतो.

दाढी केल्यावर तुरटी फिरवून निदान अर्धा तास कातडी शांत होऊ द्या, मॉइश्चरायझर मुरू द्या, आणि मग तुरीच्या डाळीएवढाच करेक्टर बोटाच्या टोकावर घेऊन तो फक्त निळाई असलेल्या जागी दाबून बसवा. घासू नका. मिशीच्या जागी तो लागतो, हनुवटीवर लागतो, जबड्याच्या कडेला थोडासा लागतो. गालाच्या वरच्या भागाला अजिबात लागत नाही. या टप्प्यावर आरशात धुळवडीचा रंग नीट न धुतलेला माणूस दिसेल. तसा दिसलाच पाहिजे. त्यावर पावडरीचा एक हलका हात द्या, एक मिनिट थांबा, आणि ओल्या स्पंजाने फाउंडेशन थोपटत लावा, कारण स्पंज ओढला की खालचा नारिंगी वर येतो आणि दोन्ही रंग कालवले जातात. करेक्टर लगेच मिळणार नसेल तर मॅट नारिंगी लिपस्टिकचा अगदी पुसट हात तेच काम करतो. रंगपटात आम्ही कित्येकदा त्यावरच वेळ मारून नेली आहे.

प्रश्न : बालगंधर्वांची छायाचित्रे पाहून मला ही ओढ लागली. त्यांत चेहरा किती उजळ आणि ओठ किती गडद दिसतात! मीही माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. १९११ साली ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आले तेव्हा बालगंधर्वांनी साकारलेल्या भामिनीचा चेहरा थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचायचा होता, आणि त्या काळचा रंगमंचावरचा उजेड पिवळट आणि आजच्या मानाने मंद होता. अशा उजेडात कातडीचा खरा रंग मावळतो, म्हणून चेहरा उजळवावा लागे आणि डोळे, भुवया, ओठ ठळक रेखावे लागत. छायाचित्रांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्या काळी फिल्मऐवजी कॅमेऱ्यात घातल्या जाणाऱ्या बहुतेक काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडे ओठ कृष्णधवल छायाचित्रात काळपट उमटत. म्हणजे तुम्ही ज्याला ओठांचा गडद रंग समजता आहात तो निम्मा कॅमेऱ्याचा आहे.

तुमचा चेहरा पाहणारा माणूस मात्र हातभर अंतरावर असतो, आणि बहुतेक वेळा तो आरशातले तुम्ही स्वतःच असता. डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट असते. या उजेडात दोन छटा उजळ फाउंडेशन म्हणजे भिंतीला दिलेला चुना! ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका लग्नाच्या स्वागतसमारंभात मी नवरदेवाच्या बहिणीला तिच्याच आग्रहाखातर एक छटा उजळ रंगवले; खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली सगळे छान दिसले, पण हॉलच्या पांढऱ्या दिव्यांखाली गेल्यावर चेहरा राखेसारखा आणि गळा वेगळ्याच बाईचा दिसू लागला. तेव्हापासून मी शेवटची नजर खिडकीपाशी टाकतो.

बालगंधर्वांकडून घेण्यासारखे आहे ते त्यांच्या वेषातले नेमकेपण : नऊवारीचा काठ, अंबाडा, नथ, हे सारे एकाच बाईचे वाटे. कोकणातल्या दशावतारातले स्त्रीपार्टी नट आजही आपला चेहरा आपल्याच हाताने रंगवतात. संधी मिळाली तर नाटक सुरू होण्याआधी त्यांच्या पेटीपाशी तासभर बसून पाहा. रंग किती लावला यापेक्षा हात कुठे थांबतो याकडे लक्ष द्या.

प्रश्न : मी नागपूरचा, वय २६, रंग सावळा. लाल लिपस्टिक लावली की सोंग वाटते, आणि ‘न्यूड’ म्हणून विकली जाणारी लावली की आजारी दिसतो. मधला मार्ग कोणता?

उत्तर : मधला मार्ग साडीच्या दुकानात सापडेल. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, विटकरी, जांभळट मरून हे रंग आपल्या कातडीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या नेसले गेले आहेत, आणि सावळ्या ओठांवरही तेच बसतात. ‘न्यूड’ हा एक रंग नाही. ज्याच्या त्याच्या ओठांचा जो मूळ रंग, त्याहून एखादी छटा गडद तो त्याचा न्यूड. दुकानात मिळणारी बदामी-गुलाबी नळी गोऱ्या कातडीचा हिशेब धरून बनवलेली असते. सावळ्या चेहऱ्यावर ती ओठ पुसून टाकते. तुम्ही आमसुलीपासून सुरुवात करा. त्यात तपकिरी आहे, लाल आहे आणि किंचित जांभळाही आहे, त्यामुळे ते सहसा फसत नाही.

लिपस्टिक मनगटावर लावून पाहू नका. बोटाच्या पेरावर लावा, कारण पेराचा तांबूसपणा ओठाच्या अधिक जवळचा असतो. आपल्याकडे पुष्कळांचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर हा फरक वाढतो. अशा वेळी आधी दोन्ही ओठांवर फाउंडेशनचा उरलासुरला हात फिरवा, लिपस्टिकच्याच रंगाच्या पेन्सिलीने सगळा ओठ भरून घ्या आणि मग लिपस्टिक लावा. पुरुषांचा वरचा ओठ बहुधा पातळ असतो, म्हणून मधल्या खाचेपाशी पेन्सिल केसभर बाहेर काढली तर चालते, पण कोपऱ्यांना नाही. कोपरे ओलांडले की विदूषक होतो.

लाल सोडायचाच नसेल तर निळसर झाक असलेला, म्हणजे पिकल्या डाळिंबाकडे जाणारा लाल घ्या. त्याने दात पांढरे दिसतात, नारिंगी झाकेच्या लालाने पिवळे दिसतात. चहा पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. गालांसाठी वेगळी डबी घेण्याची घाई नको : तीच आमसुली लिपस्टिक दोन ठिपके घेऊन गालफडाच्या वरच्या कडेला, कानशिलाच्या दिशेने जिरवा. फिकट गुलाबी ब्लश सावळ्या गालावर खडूसारखा दिसतो. आणि गालाचा रंग वर चढवल्याने पाहणाऱ्याची नजर जबड्यावरून आपोआप वर जाते, हा फायदा वेगळाच.

प्रश्न : दुकानात जाऊन चेहऱ्यावर छटा लावून पाहण्याची हिंमत होत नाही. घरबसल्या कसे ठरवू?

उत्तर : घरबसल्या पूर्ण अचूक ठरत नाही, पण जवळ पोहोचता येते. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी उभे राहा आणि गळ्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा. गळा पिवळसर दिसला तर तुमची अंतर्छटा, म्हणजे कातडीच्या रंगाखालची झाक, उष्ण, गुलाबीसर दिसला तर शीत, आणि काहीच ठरत नसेल किंवा किंचित हिरवट वाटले तर मधली. बाटलीवरच्या आकड्यापुढे बहुधा डब्ल्यू, सी किंवा एन हे अक्षर असते. ते अनुक्रमे याच तिन्हींचे. शंका असेल तिथे एन घ्या.

छटा चेहऱ्याशी जुळवू नका. पुरुषांचे कपाळ आणि गाल उन्हाने रापलेले असतात, गळा आणि छातीचा वरचा भाग कपड्याखाली राहून उजळ राहिलेला असतो, आणि ब्लाउज घातल्यावर नेमका तोच भाग उघडा पडतो. म्हणून गळ्याच्या हाडापाशी जुळणारी छटा घ्या आणि चेहरा तिथपर्यंत आणा. शेजारशेजारच्या दोन छटांच्या छोट्या बाटल्या मागवल्या तर उत्तम, मिसळूनही वापरता येतात. लावल्यावर वीस मिनिटे थांबल्याशिवाय निर्णय करू नका, कारण काही फाउंडेशने हवा लागल्यावर गडद होतात.

हिमतीबद्दल एवढेच सांगतो की काउंटरपलीकडच्या मुलीला दिवसभरात बायकोसाठी, बहिणीसाठी, नाटकासाठी खरेदी करणारे कितीतरी पुरुष भेटतात. जबड्यावर छटा लावून पाहायची आहे असे सांगितले की ती कापूस पुढे करते, आणि तिचे लक्ष असते बिलाकडे.

प्रश्न : वय ५२, ठाणे. पापण्या जरा ओघळल्या आहेत, भुवया दाट आहेत. चमकदार आयशॅडोने सुरकुत्याच उठून दिसतात.

उत्तर : चमक काढून टाका. चमकीचे कण सुरकुतीच्या उंचवट्यावर उजेड पकडतात आणि दोन कणांमधली रेघ अधिक खोल दिसते. मॅट चॉकलेटी, बदामी आणि फार तर अंजिरी, एवढ्या तीन रंगांत तुमचे सगळे भागेल. ओघळलेल्या पापणीत तिची खरी घडी लपते, म्हणून चॉकलेटी रंग घडीत भरण्याऐवजी डोळे उघडे ठेवून, आरशात समोर पाहत, घडीच्या थोडा वर लावा. डोळे मिटून लावलेला रंग उघडताच गडप होतो. काळ्याऐवजी तपकिरी काजळ वापरा आणि खालच्या पापणीला बाहेरच्या एक तृतीयांशातच लावा. भुवया कोरण्याची गरज नाही. फक्त खालच्या बाजूचे मोकाट केस काढले तरी पापणीला जागा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणाच्या लक्षात येत नाही. केसांना कलप लावत असाल तर भुवयांची पेन्सिल त्याहून एक छटा फिकी असू द्या.

प्रश्न : हे पत्र मी पत्नी म्हणून लिहिते आहे. माझे पती माझेच सामान वापरतात. मला त्याचे काही नाही, पण माझे रंग त्यांना अजिबात शोभत नाहीत. त्यांना कसे सांगू?

उत्तर : सांगण्याऐवजी दाखवा. तुमच्या एका गालावर आणि त्यांच्या एका गालावर तेच फाउंडेशन लावून दोघेही खिडकीपाशी उभे राहा; पुढचे बोलणे सोपे होईल. तुमची लिपस्टिक तुमच्या ओठांवर खुलते म्हणून त्यांना ती आवडली असणार, पण त्यांच्या चेहऱ्यावर दाढीची निळाई आहे, त्यामुळे तुमचा गुलाबी त्यांच्यावर निराळा दिसत असेल. त्यांना एक नारिंगी करेक्टर आणि त्यांच्या छटेचे फाउंडेशन आणून द्या. बाकी पावडर, टिकल्या वाटून घ्यायला हरकत नाही. काजळ आणि मस्कारा मात्र दोघांचे वेगळेच हवेत. डोळे आले तर दोघांचेही येतील.

प्रश्न : रात्री सगळे धुतो, तरी सकाळी डोळ्यांत काजळाची रेघ राहते. कामावर जायचे असते.

उत्तर : साबणाने किंवा फेसवॉशने काजळ निघत नाही, कारण ते तेला-मेणात कालवलेले असते आणि तेलच त्याला सोडवते. कोरड्या चेहऱ्यावरच, पाणी लावण्याच्या आधी, खोबरेल तेल सावकाश चोळा. मिटलेल्या पापणीवर तेलाचा कापूस अर्धा मिनिट नुसता ठेवा आणि मग बाहेरच्या कोपऱ्याकडे एकदाच पुसा. त्यानंतर फेसवॉश. पापणीच्या केसांच्या मुळाशी जी रेघ उरते, तिच्यासाठी कापूस गुंडाळलेली कानकाडी तेलात बुडवून मुळांच्या बाहेरच्या अंगाने फिरवा, डोळ्यात तेल जाऊ देऊ नका. एवढे करूनही थोडे काजळ रात्रीतून खाली उतरते, तेव्हा त्या रात्री उशीला गडद रंगाचा अभ्रा घाला आणि सकाळी तोंड धुताना हीच कानकाडी पुन्हा एकदा फिरवा. नखांच्या कडेला करेक्टरचा नारिंगी राहिला आहे का, तेही निघण्यापूर्वी पाहून घ्या. हळदीचा डाग म्हणून तो सहज खपतो, पण उपवासाच्या दिवशी नाही.