बॉयलरच्या कामात उतरायचं म्हणतोस तर

चि.,
अनेक आशीर्वाद.

आयटीआय वेल्डर झालास, आता बुटीबोरी की पुणे, असं विचारलंस. गाव नंतर, आधी काम ठरव. मोठ्या बॉयलर कारखान्यांत लांबलचक सरळ जोड आता यंत्रं मारतात. यंत्राला जमत नाही ते जागेवर बसवलेल्या बॉयलरमध्ये, हात जेमतेम जाईल अशा जागी, ट्यूब म्हणजे पाण्याच्या नळ्या बदलणं. हे काम तुझ्या गोंदिया-भंडाऱ्यातच आहे. उकडा तांदूळ करणाऱ्या मिल धानाच्या भुशावर वाफ करतात. त्या राखेतली सिलिका ट्यूबा बाहेरून झिजवते. बोअरचं जड पाणी सॉफ्टनरशिवाय, म्हणजे क्षार न काढता, गेलं की आतून क्षार बसतो, उष्णता पाण्यात उतरत नाही, ट्यूब तापून फुगते. कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांत संच दुरुस्तीला बंद झाला की तिथेही ट्यूब वेल्डर शोधतात.

म्हणून सिक्स-जी, म्हणजे तिरप्या पाइपवरचं वेल्डिंग, पक्कं कर. पाइप 45 अंशांत बांधलेला, फिरायचं तूच. कडा 30 ते 35 अंशांत घास, मुळाशी 2.5 ते 3 मिमी गॅप ठेव, वेल्डिंगचा पहिला पास, म्हणजे थर, आर्गन वायूवर. बहुतेक पोरं खालच्या बाजूला हरतात. घाई केली की मूळ वितळत नाही. वरून जोड देखणा दिसतो आणि एक्स-रेत काळी रेघ उमटते.

वरचे पास 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडचे. मिलची दुरुस्ती बहुधा पावसाळ्यातच निघते, कारण दिवाळीनंतर नवं धान आलं की बॉयलर थांबवत नाहीत. उघड्या पाकिटातले रॉड ओल धरतात, जोडात छिद्रं पडतात, भेग तर कधी दुसऱ्या दिवशी जाते. रॉड 300 ते 350 अंशांवर तासभर तरी भाज, मग गरम डब्यातूनच एकेक काढ. ठेकेदार ‘चालते’ म्हणाला तरी ऐकू नको.

दाबाखालच्या भागावर वेल्डिंगला बॉयलर खात्याचं वेल्डर प्रमाणपत्र लागतं. ते काढ, मुदत चुकवू नको. वेल्डिंगवर हात बसलाच नाही, तर सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्याची, परीक्षा दे. चालत्या बॉयलरजवळ तसा माणूस लागतोच.

बॉयलरच्या आत उतरताना दिवा 24 व्होल्टचाच घे. आर्गनला वास नसतो, हवेपेक्षा जड म्हणून तो तळाशी साचतो आणि माणूस न ओरडता पडतो. पंखा लाव, आतला ऑक्सिजन मोजून घे, आणि मॅनहोलपाशी, म्हणजे आत शिरायच्या तोंडाशी, माणूस बसल्याशिवाय आत पाय टाकू नको.