देश, सरकार आणि लोक: आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाविषयी

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही राज्यशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पुढे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे तुमच्या मनात आहे. घरातून मात्र दोन आक्षेप येत आहेत. 'बळी तो कान पिळी' हाच जगाचा नियम असेल, तर या विषयात शिकण्यासारखे ते काय, हा एक. आणि दूतावासातली नोकरी मिळाली नाही तर या पदवीला कोण विचारतो, हा दुसरा. सरकारची जी भूमिका स्वतःला पटत नाही तिची बाजू आयुष्यभर मांडावी लागेल का, ही तुमची स्वतःची शंकाही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. मला ती सर्वात महत्त्वाची वाटते, म्हणून ती शेवटी घेते.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या 15 सदस्यांपैकी 5 कायम आहेत आणि त्यांतल्या एकाने जरी नकाराधिकार वापरला, तरी उरलेल्या 14 जणांचे एकमत वाया जाते. निकाराग्वाने दाखल केलेल्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1986 साली अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, आणि त्या निकालाचे पालन व्हावे म्हणून सुरक्षा परिषदेत आलेला ठराव अमेरिकेनेच अडवला. विद्यार्थ्यांपासून मी हे कधी लपवत नाही. पण बळ कशाला म्हणायचे, हे ठरवताना बहुतेक जण सैन्य आणि जहाजे मोजून थांबतात, आणि हिशेब तिथेच चुकतो.

आइसलँडचे उदाहरण घ्या. या देशाला स्वतःचे लष्कर नाही. 1975 साली त्याने आपल्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क फक्त आपला असल्याचे जाहीर केले, तेव्हा ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या, म्हणजे जाळी ओढणाऱ्या मासेमारी जहाजांच्या, रक्षणासाठी युद्धनौका पाठवल्या. आइसलँडच्या तटरक्षक नौकांकडे त्यांना तोंड देण्यासाठी एक साधेच अवजार होते: जहाजामागे पाण्यातून ओढत न्यायचा, धारदार पात्यांचा एक लोखंडी आकडा. नौका ट्रॉलरच्या मागून आडवी जायची, आकडा जाळे ओढणाऱ्या पोलादी दोरात अडकायचा, आणि दोर तुटला की जाळे मासळीसकट तळाशी जायचे. याच्या जोडीला आइसलँडने नाटो या पाश्चिमात्य लष्करी आघाडीचा आपल्या भूमीवरचा केफ्लाविकचा तळ बंद करण्याचा इशारा दिला. शीतयुद्धाच्या त्या काळात उत्तर अटलांटिकमधल्या सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी हा तळ पाश्चिमात्य देशांना हवाच होता. जून 1976 मध्ये करार झाला आणि ब्रिटनने माघार घेतली. आइसलँडचे सारे पोट मासळीवर होते. ब्रिटनच्या दृष्टीने मासेमारी हा अनेक उद्योगांपैकी एक होता. कोणाला कोणाची गरज किती आहे आणि कोण किती काळ नुकसान सोसू शकतो, हे तपासल्याशिवाय बलवान कोण तेच कळत नाही, आणि ते तपासणे हाच या विषयाचा अभ्यास आहे.

या गोष्टीचा आणखी एक भाग आहे आणि तो मला फार लागतो. लंडनमधल्या सरकारने आघाडी टिकावी म्हणून तडजोड केली, पण तिची झळ बसली ती हल आणि ग्रिम्सबी या बंदरांना. तिथली दूरच्या समुद्रातली मासेमारी मोडली, खलाशांची कामे गेली आणि भरपाईसाठी त्यांच्यापैकी अनेकांना दशकानुदशके वाट पाहावी लागली. 'ब्रिटन हरले' किंवा 'ब्रिटनने शहाणपण दाखवले' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा देश, सरकार आणि लोक या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाखाली दडपून टाकतो. वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक देशाच्या नावापुढे थांबून, इथे या तिघांपैकी नेमके कोण आहे, असे स्वतःला विचारण्याची सवय आजपासून लावा.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. सरकारच्या बाजूने काम करायचे असेल तर परराष्ट्र सेवा आहे. तिथे जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर राहू नये, हे घरच्यांचे म्हणणे मलाही पटते. देशांच्या परस्पर व्यवहाराचे काम संयुक्त राष्ट्रांत आणि त्यांच्या संलग्न संस्थांत चालते. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला बसायला किमान पदवी लागते, वय 32 पेक्षा जास्त चालत नाही आणि त्या वर्षी आपला देश सहभागी देशांच्या यादीत असावा लागतो. लोकांच्या बाजूने काम करणाऱ्यांचे बळही कमी लेखू नका. भूसुरुंगांवर बंदी आणणारा 1997 चा करार घडवून आणण्यात स्वयंसेवी संस्थांच्या मोहिमेचा मोठा वाटा होता आणि त्याच वर्षी तिला शांततेचे नोबेल मिळाले. अमेरिका, रशिया आणि चीन त्या करारात आजही नाहीत, हेही लक्षात असू द्या. याशिवाय सागरी कायदा, व्यापारी निर्बंधांविषयी सल्ला, पत्रकारिता आणि संशोधन ही क्षेत्रे आहेतच.

यांपैकी कुठेही गेलात तरी भाषा लागेल, आणि विद्यापीठाच्या नावापेक्षा मी तिला अधिक वजन देते. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुरक्षा परिषदेने 242 क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज' या शब्दाआधी 'द' हे उपपद नाही, त्यामुळे सगळे प्रदेश की काही, असा प्रश्न निघाला. फ्रेंच मसुद्यातला 'दे तेरितुआर' हा प्रयोग मात्र 'ते प्रदेश' असा वाचता येतो. एका उपपदावरून सुरू झालेला तो वाद अजून मिटलेला नाही. म्हणून अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या संयुक्त राष्ट्रांच्या इंग्रजीखेरीजच्या पाच अधिकृत भाषांपैकी एक याच वर्षी निवडा आणि ती मसुदा वाचता येईपर्यंत सोडू नका.

आता तुमची शंका. होय, परराष्ट्र सेवेत न पटणारी भूमिका मांडण्याची वेळ येते, आणि बहुतेक वेळा ती निमूटपणे मांडावीच लागते, कारण निवडून आलेल्या सरकारचे धोरण अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने बदलणे लोकशाहीला मानवणारे नाही. आतल्या आत लेखी मतभेद नोंदवता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात त्यासाठी 1971 पासून स्वतंत्र व्यवस्था आहे. तरीही एक रेषा उरते, आणि ती ज्याची त्याने ओळखायची असते. एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश परराष्ट्र खात्यात कायदेविषयक उपसल्लागार होत्या. सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाविना इराकवर बळाचा वापर कायदेशीर आहे, हे त्यांना मान्य होईना, तेव्हा मार्च 2003 मध्ये, जवळपास 30 वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी राजीनामा दिला. पुढेही त्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्याच क्षेत्रात काम करत राहिल्या. त्यांचे राजीनामापत्र छोटेसे आहे आणि पुढे ते प्रसिद्धही झाले. ते मिळवून वाचा, त्यांच्या जागी तुम्ही असता तर ही रेषा कुठे आखली असती ते एका पानात लिहा, आणि ते पान मला पाठवा. पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज आपण त्यानंतर भरायला घेऊ.