आधी गोळी, मग सही

अगं, तुझा मेसेज आत्ता वाचला. आजोबांच्या उशीखाली तीन गोळ्या सापडल्या आणि गोळ्या दिल्याच्या चार्टवर तिन्ही वेळा तुझी सही. आधी ऑन-कॉलवाल्यांना, म्हणजे आत्ता फोनवर ड्युटीला असतील त्यांना, फोन कर, सकाळची वाट बघू नकोस. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम देऊ नकोस, पुढचं डॉक्टर नाहीतर फार्मासिस्ट सांगतील. आणि सह्या खोडायच्या नाहीत, आजच्या तारखेनं खाली नवीन नोंद कर.

रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेय. हातावर ठेवली म्हणजे दिली नाही गं! तोंडात गेली, पाणी प्यायले, गिळली, हे डोळ्यांनी बघितलंस तर सही, नाहीतर नाही.

तुला वाटेल ही एकाच गोष्टीला धरून बसलीय. बसलेय. या कामातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी एक आजी होत्या, सकाळी अर्धवट झोपेत असायच्या, मी बीपीची गोळी पाण्याशेजारी वाटीत ठेवायचे, सही करायचे आणि पळायचे. त्या गोळ्या घेतच नव्हत्या, डब्यात टाकत होत्या. डॉक्टरांनी चार्ट बघितला, रोज गोळी चालू तरी बीपी वरच, म्हणून डोस वाढवला. मग मुलगी राहायला आली, तिने समोर बसून तो वाढवलेला डोस नेमाने दिला आणि चौथ्या दिवशी आजी चक्कर येऊन बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. तो डबा नंतर मलाच सापडला. मी कुणाला बोलले नाही. तेव्हा सगळेच असं करायचे, वीस मिनिटांत आंघोळ, नाश्ता, गोळ्या, कसं जमणार होतं सांग... असो, हे मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगतेय.

म्हणून परत सांगते, बघितलं तेच लिही. आठची पॅरासिटामॉल पावणेदहाला दिलीस तर पावणेदहाच लिही, कारण दोन डोसांत निदान चार तास हवेत आणि तुझ्यानंतर येणारी मुलगी तुझ्या आकड्यावरूनच मोजणार. नको म्हणाले तर "नको म्हणाले" लिही, कारणासकट. ती पण नोंदच आहे.

आजोबांची मुलगी म्हणते गोळी कुटून जेवणात मिसळ, ते अजिबात नाही. न सांगता औषध मिसळणं तुझ्या-माझ्या अधिकारातलं नाही. शिवाय काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

त्यापेक्षा आजोबांना विचारलंस का, का थुंकता म्हणून? घशात अडकत असेल, किंवा त्या गोळीने सारखं लघवीला उठावं लागत असेल आणि ते सांगायला लाज वाटत असेल. गिळायला त्रास होत असेल तर तेच औषध पातळ मिळतं का हे फार्मासिस्टला विचारता येतं. नीट बसवून दे, आडवं असताना नको. आणि ग्लास रिकामा होईपर्यंत पेनला हात लावू नकोस, उशीर झाला तर पुढच्या घरी माझं नाव सांग.

फोन झाला की कळव, मी जागी आहे.