माइनक्राफ्ट: सुरुवात ईझीवर कर

अरे, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कठीणपणाचे मोड असतात: पीसफुल, ईझी, नॉर्मल, हार्ड. पीसफुलवर सुरू करू नकोस. तिथे झोंबी नाहीत, भूकही लागत नाही. मग गहू पेरायचा कशाला आणि भिंत बांधायची कशाला? ईझी घे. त्यात उपासमार झाली तरी पाच हार्ट (जीव दाखवणारी बदामं) उरतात. नॉर्मलवर अर्धंच हार्ट, हार्डवर जीवच जातो.

कोथरूडला माझ्या भाचीने ईझीवरच सुरुवात केली. पहिली रात्र मातीच्या ठोकळ्यांआड, बाहेर गुरगुर, माऊस घट्ट धरलेला. सकाळी उन्हात झोंबी पेटला तशी आनंदाने ओरडलीच!

जड गेलं तर सेटिंगमधून मोड मधेच बदल, त्यात कमीपणा मुळीच नाही. हार्डकोअरला मात्र इतक्यात हात लावू नकोस; तिथे मेलास की पुन्हा जिवंत होता येत नाही.