उशाशी ठेवलेली गोळी

प्रश्न : बायकोला बारा वर्षांपासून मायग्रेन आहे. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा डोकं धरायचं, आता वर्षभर जवळजवळ रोज. झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं प्रोप्रानोलॉल तीन आठवडे घेतलं, फरक पडला नाही म्हणून सोडलं. मी पडदे ओढतो, मुलांना गप्प बसवतो, स्वयंपाक करतो, दुखो न दुखो सकाळी पाणी आणि पॅरासिटामॉल-कॅफिनची साधी गोळी तिच्या उशाशी ठेवतो, ठरलेले कार्यक्रम रद्द करतो. तरी परवा ती माझ्यावर खेकसली, ‘माझ्या मागे लागू नकोस.’ अजून मी काय करायचं?

उत्तर : ती गोळी ठेवणं थांबवायचं.

दुखो न दुखो, रोज, वर्षभर! आणि हे तुम्ही पडदे आणि स्वयंपाकाच्या रांगेत, शाबासकीच्या अपेक्षेने लिहिलंय. तुमच्या कष्टांबद्दल मी आज काही बोलणार नाही, कारण तुमच्या हातून रोज सकाळी जे दिलं जातंय त्यानेच बहुधा तिचं दुखणं महिन्यातून तीनदावरून रोजवर आलंय.

मायग्रेन असलेल्या माणसाने वेदनाशामक वारंवार घेतलं की मेंदूतली दुखणं जाणवणारी यंत्रणा आणखी हळवी होते. रात्रभरात औषधाचा अंमल उतरतो, त्यातल्या कॅफिनचाही. पहाटे डोकं ठणकतं, गोळीने काही तास उतार पडतो आणि त्या उतारापायी दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. डॉक्टर याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. तीन महिन्यांहून जास्त काळ, नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात 15 किंवा अधिक दिवस घेतलं, तर हे होऊ शकतं. तुम्ही ठेवता तशी मिश्र गोळी, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवणारं औषध) किंवा कोडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) असेल तर 10 दिवसच पुरेसे. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी तीन घेतल्या तरी दिवस एकच, आणि रोज एकच घेतली तर महिन्याचे तीस. ‘मी तर एकच घेते’ म्हणणारे नेमके इथे फसतात.

प्रोप्रानोलॉलचं म्हणाल, तर तीन आठवड्यांत त्याची परीक्षा होतच नाही. प्रतिबंधक औषध थोड्या मात्रेने सुरू करून वाढवतात आणि पुरेशा मात्रेवर निदान आठ आठवडे थांबून मग काय ते ठरवतात. रोजची वेदनाशामकं चालू असतील तर त्याचा गुणही नीट येत नाही. (दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही. टोपिरामेट हे दुसरं प्रतिबंधक औषध गरोदरपणात नको.)

आता हिशेब तिच्या हाती द्या. एका कागदावर रोज तीनच गोष्टी : डोकं किती तास दुखलं, कुठली गोळी घेतली, पाळी होती का. तो कागद घेऊन तिने डॉक्टरांकडे जावं आणि गोळी कशी थांबवायची ते ठरवावं. पॅरासिटामॉल-कॅफिन सहसा एकदम बंद करता येतं. कोडीन किंवा झोपेची औषधं असतील तर ती मनाने तोडायची नाहीत, डॉक्टर हळूहळू उतरवतात. बंद केल्यावर दुसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत दुखणं वाढतं, कधी चार आठवडेही रेंगाळतं. उलट्या होतात, झोप उडते. उलटीचं औषध आधीच लिहून घ्या आणि हे दिवस तिच्या कामाच्या सोयीने तिलाच निवडू द्या. पुष्कळजण याच दिवसांत हार मानतात, आणि पहिली गोळी घरातलंच कुणीतरी मायेने पुढे करतं. ते कुणीतरी तुम्ही होऊ नका. दर तासाला ‘आता कसं वाटतंय?’ हेही नको.

एक मात्र लक्षात ठेवा : क्षणार्धात शिगेला पोचणारी डोकेदुखी, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, तापासोबत मान आखडणं, यातलं काही दिसलं तर तो हिशेब बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा.

पुढे खरा झटका आलाच तर गोळी दुखणं सौम्य असतानाच, पुऱ्या मात्रेत घ्यायची, आणि आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. कधी घ्यायची ते ती ठरवेल. कार्यक्रम रद्द करायचा की नाही, हेही. डॉक्टरांकडे आत ती एकटी जाईल. तिने बोलावलं तरच तुम्ही जा.